ग्रामीण डाकसेवकाचे पांच तास

पार्सल दोन दिवस उशिरां पोंचलें कीं आमच्या व्यापारी मंडळींस टपालखात्याची आठवण होते. परंतु तेंच पार्सल तालुक्याच्या गांवाहून पुढें वाडीवस्तीवर कोण नेतो व सरकार त्यास काय देतें, याची चौकशी आपण करीत नाहीं. आम्हीही ती आजवर फारशी केली नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

देशांतील बहुतेक डाकघरें खेड्यांत आहेत, व तीं सुमारें अडीच लक्ष ग्रामीण डाकसेवकांच्या जिवावर चालतात. यांस पूर्वीं खात्याबाहेरचे नोकर म्हणत. २००१ सालच्या नियमांनीं नांव पालटलें. स्थिति पालटली नाहीं. हीं पदें सरकारी पदेंच होत, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालींच ठरविलें होतें. तरीही नियमित नोकरांस मिळणारें निवृत्तिवेतन यांस नाहीं. कमलेश चंद्र समितीचा अहवाल २०१६ च्या नोव्हेंबरांत सादर झाला. पुढें दीड वर्ष तो तसाच पडून राहिला. मे २०१८ मध्यें सेवकांनीं पंधरवडाभर काम बंद ठेविलें, तेव्हां कोठें ६ जून रोजीं मंत्रिमंडळानें चार तासांस किमान १०,००० रुपये व पांच तासांच्या शाखा डाकपालास १४,५०० रुपये मंजूर केले. महागाईभत्ता निराळा, हें सांगणें न्यायाचें होईल.

सरकारपक्षाचें म्हणणें असें कीं, काम थोडा वेळच असतें. म्हणून सेवकास उपजीविकेचें दुसरें साधन असलेंच पाहिजे. ठीक आहे. मग त्याच माणसाच्या गळ्यांत बचतखातीं, विमा, आणि १ सप्टेंबर २०१८ पासून डाकखात्याच्या पेमेंट्स बँकेचें कामही कां घालावें? डाकघराची जागादेखील शाखा डाकपालानेंच पाहावयाची! काम वाढवितांना खात्यास घड्याळ दिसत नाहीं. तें दिसतें पगाराच्या दिवशीं.

११ जुलै १९४६ रोजीं पोस्टमन व कनिष्ठ नोकरांनीं देशव्यापी संप पुकारला, त्याची झळ थेट शहरांस लागली. २०१८ चा संप खेड्यांतला, म्हणून आम्हां शहरवासीयांस तो जाणवला नाहीं. आणि या सेवकांची बाजू दुबळी राहण्याचें कारणही हेंच. प्रत्यक्ष किती तास काम होतें याची गांवोगांव मोजणी करून त्याप्रमाणें वेतन ठरावें, व निवृत्तिवेतनाचा प्रश्न निकालांत निघावा, एवढीच आमची मागणी आहे. व्यापारी संघांनीं उशिराविषयीं खात्याकडे अर्ज धाडतांना त्यांत हें एक कलम अवश्य घालावें.