फुलपाखरू आणि सोनपाखरू : फरक सांगा!



'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न आपण सगळेच घालतो. मीही घातला होता : फुलपाखरू आणि सोनपाखरू. फळ्यावर तक्ता लिहून दिला. फुलपाखरू उपयोगी, परागीभवन करते. सोनपाखरू उपद्रवी, झाड पोखरते. एका मुलाने मात्र वहीत लिहिले, "फुलपाखराचा रंग हाताले लागते, सोनपाखराचा नाही लागत." मी लाल फुली मारली. उत्तर तक्त्यात नव्हते ना!

खरं तर त्या पोराचेच उत्तर सर्वांत चांगले होते. फुलपाखराच्या पंखांवर बारीक खवले असतात. बोटाला लागते ती त्यांचीच भुकटी. सोनपाखराचे पुढचे पंख म्हणजे कठीण कवच. त्याच्या पातळ थरांवरून प्रकाश परावर्तित होतो, म्हणून ते मेल्यावरही चमकते. पूर्वी आपल्या देशात ही कवचे कापडावर शिवून नक्षी करत.

आता उपयोगी-उपद्रवीचे बघा. नीलवंत म्हणजे ब्लू मॉरमॉन हे २०१५ पासून आपले राज्य फुलपाखरू. त्याची अळी लिंबाच्या कुळातल्या झाडांची पाने खाते. बागवाल्याला ती उपद्रवीच वाटणार! उलट सोनपाखराच्या कुळातल्या अनेक अळ्या मेलेले लाकूड पोखरतात आणि त्याची माती व्हायला मदत करतात. मग शिक्का कुणावर मारायचा, तुम्हीच सांगा.

चंद्रपूर-गडचिरोलीची आपली मुले जंगलाच्या कडेला वाढतात. पावसाळ्यात बाभळीवरचे सोनपाखरू त्यांनी आगपेटीत ठेवलेले असते, पायाला दोरा बांधून उडवलेलेही असते. दोरा बांधू नका, त्या जिवाला त्रास होतो, हे जरूर सांगू या. पण त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले, ते चूक ठरवू नका. असे मूल पुढच्या वेळी पाहिलेले लिहीत नाही, गाईडमधले लिहिते.

माझे म्हणणे एवढेच : तक्त्यातून 'उपयोगी-उपद्रवी' ही ओळ काढा आणि शेवटी एक रकाना रिकामा ठेवा, 'मी स्वतः काय पाहिले?' त्यालाही गुण द्या. पालकहो, तुम्हीही संध्याकाळी मुलांना हेच विचारा बरं का.

माझा तो विद्यार्थी आता पुढच्या शाळेत गेला. त्याच्या वहीतली फुली खोडायची राहूनच गेली.