एका नाण्यावरचे दोन राजे

जगाचा इतिहास म्हटला की मुलांपुढे सनावळ्या येतात. नाशिकच्या मुलांना त्याआधी पांडवलेण्यांवर न्यावं, असं मला मनापासून वाटतं. तिथल्या सतराव्या लेण्यातला ब्राह्मी लेख सांगतो, की ते धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने कोरवलं. तो उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा ‘योनक’, म्हणजे यवन. ग्रीकांना आपल्याकडे यवन म्हणत. एका यवनाने आपल्या डोंगरात बौद्ध भिक्खूंसाठी लेणं का कोरवावं? हा प्रश्न मुलांना पडू द्यावा. उत्तराची घाई नको.

त्याहून रंगतदार गोष्ट सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीची. १९०६ साली तिथे शक राजा क्षत्रप नहपान याची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. नाण्यावर त्याचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. नहपानाचा पाडाव केल्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर, जुन्याच ठशावर, आपली चिन्हं उमटवली. मुलांना हे कळावं म्हणून घरी कणकेच्या गोळीवर एक बटण दाबा, मग त्याच जागी दुसरं. पहिल्याची कड कुठे उरली ते मुलं बोटाने चाचपून शोधतील. नाणी कशी वाचतात, ते बघायला मग अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय आहेच, त्र्यंबकच्या वाटेवर.

नहपानाच्या नाण्यावर ग्रीक अक्षरं का, हे विचारतील तेव्हाच नकाशा उघडा. ग्रीक जगाशी जोडणारी समुद्री व्यापाराची वाट त्यावर दिसेल: आधी भडोच शोधू देत, मग लाल समुद्र, मग अलेक्झांड्रिया. बोट मुलाचंच असू द्या.