वरचा कप्पा कोणाचा?

मी बेसात राहतो. गच्चीवर उभे राहिले की डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळाच्या दिशेने जाणारी विमाने दिसतात. मुले लहान असताना आम्ही ती मोजत बसायचो. स्वतः विमानात बसण्याचे प्रसंग मात्र माझ्यासारख्या शिक्षकाच्या आयुष्यात थोडेच. त्यातला एक उमराहला जातानाचा. त्या प्रवासात माझ्या हातून एक चूक झाली. विमानप्रवासातील वागणुकीबद्दल आज लिहायचे आहे, पण दुसऱ्यांना नावे ठेवण्याआधी स्वतःचा हिशेब दिलेला बरा.

आमची बावीस जणांची जमात होती. नागपूरहून मुंबई, तिथून पुढे जेद्दा. त्यात म्हातारी माणसे बरीच आणि बहुतेकांचा विमानात बसण्याचा पहिलाच प्रसंग. मी आणि आणखी एक मित्र त्यातल्या त्यात तरुण, म्हणून आम्ही दोघे पुढे घुसलो, जागा धरायला. आसनांना तर नंबर होते. मग धरायचे काय? डोक्यावरचे सामानाचे कप्पे! आमच्या पिशव्या, अजून मागे रांगेत असलेल्यांच्या पिशव्या, खजुरासाठी नेलेली रिकामी बॅग, सगळे तीन-चार कप्प्यांत कोंबले. कोणी हात लावला की आम्ही म्हणायचो, "हमारे लोगों का है, भाई."

तेवढ्यात एक वृद्ध गृहस्थ आले. एकटेच होते. आसन आमच्या समोरच्याच रांगेत. हातात एक छोटी बॅग. वर जागा नव्हती आणि पायाशी ठेवायला बॅग मावेना. कर्मचारी मुलीने ती उचलली आणि विमानाच्या पार शेपटाकडे नेऊन ठेवली. काका हळूच म्हणाले, "त्यात माझ्या गोळ्या आहेत हो." मुलगी पुढे गेली होती, तिला ऐकू गेले नाही. मला गेले. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

मागून कोणीतरी पुटपुटले, "हे लोक असेच." रक्त तापले. लग्नाच्या वऱ्हाडाने अख्खे कप्पे अडवलेले मी पाहिले आहेत. कंपनीच्या बैठकीला निघालेल्या टायवाल्या साहेबांनीही दोन-दोन बॅगा दडपलेल्या पाहिल्या आहेत. तेव्हा कोणी "हे लोक" म्हणत नाही. आमच्या बाबतीतच एका माणसाची चूक साऱ्या कौमच्या खात्यावर का लिहिली जाते? माझा राग खोटा नव्हता. पण त्या रागाने एक सोय करून दिली. मी काकांच्या बॅगेचा विचार करायचे थांबलो. त्या कप्प्यात पिशव्या आमच्याच होत्या, हे काही त्या माणसाच्या पूर्वग्रहाने बदलत नव्हते.

मुंबईत चाके टेकली, विमान अजून धावतच होते आणि खटाखट पट्टे सुटले. दार उघडायला दहा मिनिटे असताना निम्मे विमान मान वाकडी करून उभे. काकांना गर्दीच्या उलट मागे जाता येईना. सगळे उतरेपर्यंत ते बसून राहिले. जाता जाता मी म्हणालो, "काका, माफ करा, आमच्यामुळे झाले." ते हसले. "असू द्या. देवाच्या घरी चालला आहात ना? माझ्यासाठीही मागा काहीतरी."

तवाफ करताना त्यांची आठवण आली. तेव्हा लक्षात आले, त्यांचे नावच विचारायचे राहिले होते.

ही सवय आपल्याला लागली कुठून, हे मला ठाऊक आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आपली पिढी. रेल्वेच्या जनरल डब्यात बर्थखाली ट्रंक सरकवली तरच ती आपली. जिथे माणसे जास्त आणि जागा कमी, तिथे जो पुढे घुसला त्याचे भागले. विमानात आसन पक्के असते, म्हणून ती जुनी धास्ती वरच्या कप्प्यावर येऊन बसते. हिशेब साधा आहे. देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमीच्या प्रवाशाला साधारणपणे एक हातबॅग, 7 किलोपर्यंत, आणि खाली पोटात जाणारे 15 किलो सामान नेता येते. ए-320 जातीच्या विमानात सुमारे 180 प्रवासी बसतात. प्रत्येकाने मोठ्यात मोठी बॅग वर नेली तर कप्पे पुरत नाहीत. कोणी दोन बॅगा ठेवल्या म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी मागे जाणारच. तो दुसरा आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. 'सफर' हा शब्द दोन्हीकडे चालतो, म्हणून तो आला की मी थोडे थांबतो. अरबीत या धातूचा एक अर्थ 'उघड होणे' असाही आहे. जुने आलिम सांगत की सफर माणसाचा स्वभाव उघडा पाडतो, म्हणून त्याला सफर म्हणतात. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक प्रसंग सांगितला जातो. एका माणसाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी एक होता, तू त्याच्याबरोबर प्रवास केला आहेस का? मुलांना हे सांगताना मी आता जरा अडखळतो.

आपल्या दीनमध्ये या गोष्टीची शिकवण नाही असे नाही. सूरह निसाच्या 36 व्या आयतीत आईवडील, नातेवाईक, अनाथ, शेजारी यांच्याबरोबर बाजूला असलेल्या सोबत्याशीही भले वागायला सांगितले आहे. या सोबत्यात मुफस्सिरांनी प्रवासातला साथीदारही धरला आहे. जुम्याला लोकांच्या माना ओलांडत पुढे येणाऱ्या एका माणसाला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खाली बसायला सांगितले, कारण तो लोकांना त्रास देत होता. पहिल्या सफेचा सवाब केवढा मोठा! तरीही दुसऱ्याला तुडवून तो मिळवायचा नाही. मग अठ्ठाविसाव्या रांगेतून कोपर मारत दाराशी पोहोचण्यात कसला सवाब?

आणि अरफातहून परततानाचा तो प्रसंग. मागे उंट हाकण्याचा गलका झाला, तेव्हा प्रेषितांनी (स.) चाबकाने इशारा करून लोकांना शांत राहायला सांगितले. घाईत नेकी नाही, हे त्यांनी ऐन हजमध्ये शिकवले. चाके टेकताच उभे राहणाऱ्या आपल्या हाजी-उमराहवाल्यांना हा प्रसंग मुअल्लिमने निघण्याआधीच ऐकवावा, असे मला मनापासून वाटते.

कोणी म्हणेल, मास्तर, एका बॅगेचे एवढे काय घेऊन बसलात? तर ऐका. 3 ऑगस्ट 2016 रोजी तिरुवनंतपुरमहून निघालेले एमिरेट्सचे विमान दुबईत उतरताना धावपट्टीवर आपटले आणि पेटले. आत 300 माणसे, त्यात आपले भारतीयच जास्त. आतला व्हिडिओ नंतर जगाने पाहिला. धूर पसरतो आहे, कर्मचारी बाहेर पडायला ओरडत आहेत आणि माणसे वरच्या कप्प्यांतून बॅगा काढत आहेत. अल्लाहच्या कृपेने विमानातले सगळे वाचले, पण आग विझवणारा एक जवान गेला. याउलट 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या विमानाची तटरक्षक दलाच्या विमानाशी टक्कर झाली. छोट्या विमानातील सहापैकी पाच जण दगावले. पण पेटलेल्या मोठ्या विमानातून 379 च्या 379 माणसे बाहेर पडली, आणि सामान जवळपास सगळ्यांनी आतच सोडले. निम्मी दारे बंद असतानाही 90 सेकंदांत विमान रिकामे होऊ शकते, हे सिद्ध केल्याशिवाय नव्या जातीच्या प्रवासी विमानाला परवानगी मिळत नाही. त्या 90 सेकंदांत बॅग काढणाऱ्याला वेळ धरलेली नाही. जो रोज "माझी बॅग, माझी बॅग" करतो, तो त्या दिवशी एकाएकी शहाणा होईल का?

सरकारने नियम केले आहेत. 2017 मध्ये आपल्याच महाराष्ट्रातल्या एका खासदारांनी विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारले. त्याच वर्षी उड्डाणबंदीच्या यादीचे नियम आले. तोंडाने गैरवर्तन केल्यास 3 महिन्यांपर्यंत, अंगावर गेल्यास 6 महिन्यांपर्यंत, जीव धोक्यात घातल्यास किमान 2 वर्षे बंदी. पण म्हाताऱ्याची बॅग मागे ढकलणाऱ्यासाठी कोणते कलम लावणार? तेवढे आपल्या अदबवरच सोडलेले आहे.

एक गोष्ट स्पष्ट करतो. आयुष्यात पहिल्यांदा विमानात चढलेल्या दादी-नानीला पट्टा लावता येत नाही, शौचालयाचे दार उघडता येत नाही, म्हणून हसणारे लोकही मी पाहिले. ते हसणे हीच खरी बेअदबी. न कळणे हा दोष नाही. शिकवले की कळते. दोष माझ्यासारख्यांचा, ज्यांना कळत होते.

म्हणून जमात नेणाऱ्यांना माझी विनंती आहे. तरबियतच्या बैठकीत अरकान शिकवता, तिथेच अर्धा तास यालाही द्या. हातबॅग एकच, घरीच वजन करून. गोळ्या छोट्या पिशवीत, जवळ. पॉवर बँक हातबॅगेत, खालच्या सामानात नाही. ज़मज़म ठरवून दिलेल्या डब्यातच, सूटकेसमध्ये लपवून नाही. वुजू शक्यतो विमानतळावर, आणि विमानात केलाच तर ओली जागा पुसून बाहेर यायचे, मागून येणारा घसरू नये म्हणून. आणि उतरताना आपली रांग येईपर्यंत बसून राहायचे.

अल्लाहचे हक्क चुकले तर तौबाचे दार उघडे आहे. माणसाचा हक्क मारला तर माफी त्या माणसाकडूनच मिळवावी लागते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. काकांनी मला न मागता माफ केले असावे, असे मी मानतो. त्यांच्यासाठी दुआ मी अजूनही करतो, नाव न घेता. अल्लाहला ठाऊक आहे.