सुतासारखं सरळ?

दोस्तांनो, एक करून बघा. डिझाइनच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये माउसने एक चौकोन काढा. चार रेषा, एकेक करून, नजरेच्या अंदाजाने. छान दिसतोय ना? आता एका कोपऱ्यावर झूम करा. अजून करा. अजून थोडं. बहुतेक वेळा तिथे बारीकशी फट दिसेल, नाहीतर एक रेष दुसरीला ओलांडून पुढे गेलेली असेल.

प्रिंट काढून सबमिशनला लावायचं असेल, तर ही फट कुणाच्या बापाला दिसणार नाही. मार्कही मिळतील. पण तीच फाइल लाकूड कापणाऱ्या सीएनसी राउटरला द्यायची असेल तर गोष्ट वेगळी. ‘या चौकोनाच्या आतला भाग कोर’ असं सांगितलं, तर सॉफ्टवेअर विचारणार, कुठला चौकोन? त्याच्या लेखी रेष बंद झालेलीच नाही. आणि जे बंद नाही, त्याला आत नाही आणि बाहेरही नाही. तुम्हाला चौकोन दिसतो, त्याला चार सुट्या रेघा.

आज हा विषय का? कारण देव्हाऱ्याची जाळी, गणपतीचं घडीचं मखर, किचनचे शटर, पार्टिशन, नावाची पाटी अशा कितीतरी गोष्टी आता राउटरवर कापल्या जातात. इंटिरियर, आर्किटेक्चर, प्रॉडक्ट डिझाइन, मेकॅनिकल, आयटीआय, कुठेही शिकत असाल तरी हे यंत्र कधी ना कधी समोर येणारच. आणि आपल्यातल्या अनेकांची पक्की समजूत असते की सीएनसीवर दिलं म्हणजे काम परफेक्ट येणारच. नाही येत. यंत्र अचूक असतं ते आज्ञा पाळण्यात. तुमची चूकही ते तितक्याच इमानदारीने कापून देतं.

आपल्या सुतारांकडे यासाठी एक सुंदर माप आहे, सूत. इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन मिलिमीटरच्या किंचित वर. ‘एक सूत कमी पडलं’ असं मिस्त्री म्हणतात तेव्हा त्यांना नेमकं किती ते माहीत असतं. गुण्या लावल्याशिवाय ते काटकोन मानत नाहीत, ओळंबा सोडल्याशिवाय उभी रेष मानत नाहीत. डोळ्यांवर त्यांचा विश्वास आपल्यापेक्षा जास्त असेल, तरी खूण मात्र मोजूनच करतात. आणि आपण? हातात हजारांश मिलिमीटर दाखवणारं सॉफ्टवेअर घेऊन रेषा मात्र ‘बघून’ ठेवतो!

साधं उदाहरण घेऊ. 1000 मिमी रुंदीचं पुस्तकांचं रॅक. पाच सारखे कप्पे. प्लाय 18 मिमीची. दोन बाजू आणि मधल्या चार, अशा सहा उभ्या फळ्या म्हणजे 108 मिमी. उरले 892. भागिले पाच, 178.4 मिमी. इथे मोह होतो, जाऊ दे ते पॉइंट चार, 178 धरू. मग मागच्या रेषेवरून पुढची, तिच्यावरून तिच्या पुढची असं करत गेलात की चार कप्पे 178 चे आणि शेवटचा 180 चा. चालेल म्हणता? आता वरच्या फळीच्या खाचा डावीकडून मोजत गेलात आणि खालच्या फळीच्या उजवीकडून, तर मधली प्रत्येक उभी फळी 2 मिमी तिरकी बसणार. किंवा बसणारच नाही.

उपाय अवघड नाही. एक शून्य ठरवा आणि प्रत्येक रेष त्या शून्यापासून मोजा. डावी बाजू 0 वर. मग फळ्यांच्या डाव्या कडा 196.4, 392.8, 589.2, 785.6 आणि शेवटची 982 वर. हे आकडे माउसने गाठायचे नाहीत, टाइप करायचे. व्हीकार्व्ह असो, फ्यूजन असो की फ्रीकॅड, सगळीकडे लांबी, कोन, एक्स आणि वाय आकड्यांत देण्याची सोय आहे. दुसरी रेष पहिलीच्या टोकाला लावायची तर स्नॅप चालू ठेवा. टोक, मध्य, केंद्र, छेदनबिंदू हे सॉफ्टवेअर स्वतः पकडतं. आपण जवळपास नेऊन ठेवायचं, बाकीचं काम त्याचं.

हे सगळं करूनही एक गोष्ट विसरली जाते. स्क्रीनवरच्या रेषेला जाडी नसते, कटरला असते. 6 मिमीचा कटर रेषेच्या बरोबर मधून फिरवला तर तो दोन्ही बाजूंना तीन-तीन मिमी खातो. 300 मिमीची फळी 294 ची होऊन हातात येते, म्हणजे दोन सुतांच्या आसपास गायब. म्हणून कटर रेषेवरून न्यायचा, बाहेरून की आतून, हे सांगावं लागतं. शिवाय गोल फिरणारा कटर आतला कोपरा काटकोनात कापूच शकत नाही, तिथे 3 मिमीची गोलाई राहतेच. चौकोनी टोकाची फळी त्या खाचेत जाणार कशी? एक तर रेषा काढतानाच कोपऱ्याला जास्तीची छोटी गोल खाच द्या, नाहीतर मिस्त्रींना पटाशी घेऊन बसवा. आणि हो, 18 ची म्हणून आणलेली प्लाय अनेकदा भरते थोडी कमी. आधी व्हर्नियरने मोजा, मगच खाच काढा.

आता मुद्द्याचं. हे आपण नाही केलं, तर कोण करतं? वर्कशॉपमधला ऑपरेटर. उघडी रेष जोडत बसतो, एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा शोधून पुसतो, कारण त्या राहिल्या तर कटर त्याच वाटेने दोनदा जाणार. फाइल इंचात की मिलिमीटरमध्ये, हे विचारायला फोन करतो आणि आपण तो लेक्चर चालू आहे म्हणून कट करतो. त्याच्या नजरेतून सुटलं तर आठ बाय चारची आख्खी शीट वाया. आणि तिथूनही सुटलं तर साइटवरचा मिस्त्री रंधा मारून बसवतो. डिझाइनखाली नाव आपलं, निस्तरणारे हात दुसऱ्याचे. ‘तेवढं ते अ‍ॅडजस्ट करतील’ हे वाक्य आपण फार सहज बोलतो. त्या अ‍ॅडजस्टमेंटचा वेळ आणि मजुरी कुणाच्याच बिलात दिसत नाही.

अचूक म्हणजे रटाळ, क्रिएटिव्हिटी मारणारं, असं वाटत असेल तर एक जुनी गोष्ट ऐका. 1963 मध्ये इव्हान सदरलँड या विद्यार्थ्याने एमआयटीत पीएचडीसाठी ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्राम केला. स्क्रीनवर प्रकाशाच्या पेनने रेष काढायची, कशीही, ढोबळ. मग सांगायचं, या दोन समांतर, या दोन सारख्या लांबीच्या. संगणक चित्र सरळ करून देई. म्हणजे हात मोकळा, पण नियम स्पष्ट. आजच्या सॉफ्टवेअरमधले कन्स्ट्रेन्ट्स त्याच कल्पनेचे वारस. फुकट मिळणाऱ्या फ्रीकॅडमध्ये स्केचमधली प्रत्येक रेष नियमांनी पक्की झाली की आख्खं स्केच हिरवं होतं. ते हिरवं होईपर्यंत ‘झालं’ म्हणायचं नाही, एवढी सवय लावून घेतली तरी खूप आहे.

कॉलेजांनाही एक सांगणं आहे. चकचकीत प्रिंटला मार्क देणं थांबवा. मुलांनी काढलेले दोन तुकडे कापा, एकमेकांत बसवायला सांगा आणि बसले तर मार्क द्या. त्यासाठी प्रत्येक कॉलेजात मोठं यंत्र हवंच असं नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळसारख्या गावात विज्ञान आश्रमाने फॅब लॅब उभी केली, काढलेलं लगेच करून बघायची सोय गावात आणली. शहरातल्या कॉलेजांना जवळचं एखादं वर्कशॉप तरी नक्कीच गाठता येईल.

आणि तुम्ही परीक्षेची वाट बघू नका. पुढची फाइल पाठवण्याआधी दहा मिनिटं काढा. सगळ्या रेषा बंद आहेत का, दुहेरी काही राहिलंय का, युनिट कुठलं, शून्य कुठे, हे बघा. मग एकदा त्या वर्कशॉपमध्ये जाऊन उभे राहा. आपण काढलेली रेष लाकडात उतरताना बघा आणि ऑपरेटरला विचारा, ‘दादा, फाइलमध्ये काय दुरुस्त करावं लागलं?’ तो जे सांगेल ते वहीत लिहून घ्या.