'गॅस संपला' या वाक्याविषयी

वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळू लागला की मोटारीतील वातानुकूलन ही चैन राहत नाही. गेल्या उन्हाळ्यात वृद्ध आईला तपासणीसाठी अमरावतीहून नागपूरला नेताना आम्हांला याचा प्रत्यय आला. मोझरी मागे पडेपर्यंत झोतातून गरम वारा येऊ लागला आणि आईचा चेहरा पाहून आम्ही तिवसा येथे गाडी थांबवली. त्याआधी महिन्याभरात एका गॅरेजमध्ये दोनदा गॅस भरून झाला होता. दोन्ही वेळी निदान एकच होते : 'गॅस संपला.'

तिवशाच्या मिस्त्रीने आमचे सारे ऐकून घेतले आणि म्हटले, "गॅस काही संपत नसते जी. थो कुठून तरी निंगून जाते. पयले थे भोक पाहा लागते." मग त्याने बॉनेट उघडून इंजिनकडून डॅशबोर्डकडे जाणाऱ्या दोन नळ्यांपैकी जाड नळीला हात लावला. ती थंडगार होती. म्हणजे गॅस होता आणि त्याचे काम तो चोख करीत होता. बिघाड होता हीटरकडे.

हीटर! वऱ्हाडात त्याची आठवण ऐन थंडीतही क्वचितच होते. पण तो असतोच. इंजिनचे तापलेले पाणी डॅशबोर्डमागच्या एका लहानशा जाळीतून सतत फिरत असते. थंड झालेला वारा त्या जाळीवरून जावा की तिला वळसा घालून, हे एक झडप ठरवते. आमच्या गाडीत त्या झडपेच्या तारेची क्लिप निसटली होती. बटण फिरत होते, झडप मात्र खड्ड्यांच्या धक्क्यांनी वाटेल तिकडे वळत होती. गॅस भरल्यावर काही दिवस बरे वाटले ते केवळ योगायोगाने. क्लिप बसवायला पंधरा मिनिटेही लागली नाहीत.

हा प्रसंग साहित्याच्या अभ्यासकांपुढे मांडण्याचे कारण असे की, आमच्या मते येथे यंत्राइतकीच भाषाही बिघडली होती. 'गॅस संपला' हे वाक्य आपण स्वयंपाकघरातून उचलले आहे. सिलिंडरमधला गॅस जळतो, म्हणून संपतो. आपल्याकडच्या कूलरमध्येही रोज पाणी भरावे लागते, कारण त्याची वाफ होऊन ती निघून जाते. मोटारीतही बाष्पीभवनानेच गारवा मिळतो. पण तेथे झालेली वाफ कॉम्प्रेसर पुन्हा दाबतो, पुढच्या जाळीत ती निवून द्रव होते आणि तोच द्रव परत फिरतो. हे मंडल बंद आहे. त्यातला गॅस कमी झाला असेल, तर गळती आहे. ती साबणाच्या पाण्याने, नायट्रोजनच्या दाबाने किंवा रंगद्रव्याने शोधावी, बुजवावी, पंपाने आतली हवा व ओल काढावी आणि मगच ठरल्या वजनाचा गॅस भरावा. रूपक चुकले की उपचारही चुकतो.

या चुकीची किंमत केवळ आमच्या खिशातून गेली नाही. ओझोनला घातक असलेला आर-१२ हा वायू १९८७च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू हद्दपार झाला आणि मोटारींत आर-१३४ए आला. तो ओझोनला अपाय करीत नाही. मात्र हवेत सुटल्यास तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे पट उष्णता धरून ठेवतो. म्हणूनच २०१६च्या किगाली दुरुस्तीत असे वायू कमी करण्याचे ठरले आणि भारताने तिला २०२१मध्ये मान्यता दिली. गळती न शोधता केलेली प्रत्येक 'भरती' पुढच्या उन्हाळ्यांना थोडी अधिक धग देऊन जाते.

दोष एकट्या गॅरेजवाल्याचा नाही. "जरा गॅस भरून द्या" असे सांगत आम्हीच त्याच्या दारात गेलो होतो. रोग आणि औषध दोन्ही आम्हीच नेले. त्याने फक्त भरले. वर्गातही आपण याहून वेगळे काय करतो? विद्यार्थ्याला कविता भिडत नाही असे दिसले की आणखी टिपणे, आणखी संदर्भ, आणखी व्याख्याने भरतो. कोठली ओळ त्याला अडली, हे विचारायचे राहून जाते. आयुर्वेदाच्या परंपरेत 'माधवनिदान' हा ग्रंथ चिकित्सेसाठी नव्हे, तर केवळ रोग ओळखण्यासाठी रचला गेला. त्या काळी ओळखणे हे स्वतंत्र ग्रंथाच्या योग्यतेचे काम मानले जात होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तिवशाच्या त्या मिस्त्रीने औषधाआधी नळीला हात लावला. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये गेल्यावर आम्ही 'गॅस भरा' असे म्हणणार नाही. 'गार वारा येत नाही' एवढेच सांगू. तक्रार आपली, निदान त्याचे. आई त्या दिवशी नागपूरला सुखरूप पोचली.