सुशोभीकरण पुरे, देखभाल हवी

सोलापूरला समुद्र नाही. पण उन्हाने होरपळणाऱ्या या शहराला वारा खायला बसण्यासाठी पाण्याचे काठ आहेत. भुईकोट किल्ल्याला लागून सिद्धेश्वर तलाव आणि विजापूर रस्त्यावर धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडचा कंबर तलाव. या काठांसाठी आजवर काहीच झाले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. सिद्धेश्वर तलावाचा समावेश केंद्राच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत झाला होता. २०१६ मध्ये सोलापूर स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आले. योजना येतात, फरशा बसतात, दिवे लागतात, फीत कापली जाते. फुटलेली फरशी, विझलेला दिवा आणि तुटलेला कठडा पुढे कोणी बघायचा, याचे उत्तर मात्र कोनशिलेवर नसते. अंधारा काठ आणि मोडका कठडा हा सौंदर्याचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

तलावांतल्या जलपर्णीचेच पाहा. ती यंत्राने काढली की पाणी मोकळे दिसते, छायाचित्रे छापून येतात. आणि उबदार हवेत काही आठवड्यांत तिचा हिरवा गालिचा पुन्हा पसरतो. कारण सांडपाण्यातून येणारे नत्र आणि स्फुरद हेच तिचे खत. नाल्याचे तोंड उघडे ठेवून जलपर्णी काढत राहणे म्हणजे भोक बुजवल्याशिवाय घागर भरणे. जलपर्णीखाली उजेड पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. वर डासांची सोय होते ती वेगळीच.

पालिकेकडे पैसा कुठे आहे, उजनीचे पाणी रोज देता येत नाही तिथे तलावाचे लाड कसले, असा आक्षेप येईल. पिण्याचे पाणी आधी, हे मान्यच. पण सांडपाण्याची विल्हेवाट आणि सफाई हे लाड नव्हेत. महापालिका अधिनियमाने ते पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे. शिवाय दर काही वर्षांनी नव्याने सुशोभीकरण करण्यापेक्षा रोजची देखभाल स्वस्तच पडते. तिचे उद्घाटन करता येत नाही, एवढीच तिची उणीव.

लोकच घाण करतात, हा दुसरा आक्षेप. तो अर्धा खरा आहे. पिशवीची गाठही न सोडता हार पाण्यात भिरकावणारे हात सोलापूरकरांचेच. पण निर्माल्य कलश वेळेवर रिकामा होत नसेल, तर उपदेशाचा फलक काय कामाचा? सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळा सिद्धेश्वर तलावाकाठच्याच संमती कट्ट्यावर होतो. बाराव्या शतकात श्रमाला पूजा मानून तलाव खोदवून घेणाऱ्या सिद्धरामेश्वरांच्या नावाने त्याच पाण्यात प्लास्टिक सोडणे कोणत्या भक्तीत बसते? गणेश विसर्जनाचेही तसेच. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत जागा नाही. कृत्रिम हौदांची सोय पालिकेने वेळेत करावी आणि गणेश मंडळांनी ती वापरावी.

आता आणखी एक आराखडा नको. पालिकेने येत्या अर्थसंकल्पात दोन्ही तलावांसाठी वार्षिक देखभालीचे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, नाले अडवून सांडपाणी शुद्धीकरण केंद्राकडे वळवण्याची मुदत जाहीर करावी आणि जबाबदार अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक काठावरच्या फलकावर लिहावा.