जव्हारला खाण नाही, असे कोण म्हणतो?

सकाळी डहाणूच्या किनाऱ्यावर चिकूच्या वाड्या, दुपारी जव्हारचा जयविलास राजवाडा, वाटेत दाभोसा धबधबा, संध्याकाळी सनसेट पॉइंट. 'एका दिवसात मिनी महाबळेश्वर' या नावाने हा प्रवास समाजमाध्यमांवर हजारोंनी पाहिला जातो. बहुतेकांत इतिहासाचीही एक चिमूट असते: शिवाजी महाराज १६६४ मध्ये सुरतेला जाताना शिरपामाळावर थांबले, राजाने त्यांना शिरपेच दिला, आणि मग पुन्हा धबधबा. इतिहासाचे विद्यार्थी म्हणवणारे आपणही हे निमूटपणे पुढे पाठवतो. हा धागा त्या निमूटपणाविरुद्ध आहे.

महाराष्ट्रात खाणींची गावे म्हटली की रेडीचे लोहखनिज, वणी-चंद्रपूरचा कोळसा, भंडाऱ्याचे मँगनीज आठवते. जव्हार-मोखाड्याचे नाव त्या यादीत नाही, कारण तिथे जमिनीखालून काही काढले गेले नाही. तरीही या डोंगरांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास खाणप्रदेशाच्या इतिहासासारखाच वाचावा लागतो. माल बाहेर जातो, भाव बाहेर ठरतो, आणि ज्यांच्या अंगणातून तो जातो त्यांच्या वाट्याला धूळ येते. इथला माल म्हणजे लाकूड, गवत, पाणी आणि माणसे. रूपक ताणले जात आहे असा आक्षेप येईल. येऊ द्यावा, पुरावा पुढे आहे.

प्रथम शिरपामाळ. १६६४ ची भेट परंपरेने जपली आहे आणि तिच्याविषयी जव्हारकरांना वाटणारा अभिमान रास्त आहे. पण कथा तिथेच का थांबते? आठच वर्षांनी, जून १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकले. विक्रमशहा राजाला परागंदा व्हावे लागले आणि सुमारे १७ लाखांचा खजिना मराठ्यांच्या हाती आला. पाठोपाठ रामनगरही पडले. यात महाराजांची निंदा नाही. सुरतेची वाट आणि उत्तर कोकणाची घाटमाथ्याकडची बाजू ज्याच्या हाती, तोच या पट्ट्यात टिकणार, हे सतराव्या शतकातले साधे राजकारण होते. पण शिरपेच सांगायचा आणि खजिना गाळायचा, याला इतिहास म्हणत नाहीत. फार तर सत्कार समारंभ म्हणता येईल.

गाळलेला तो आकडा फार बोलका आहे. महादेव कोळ्यांच्या मुकणे घराण्याची ही गादी चौदाव्या शतकापासून चालत आलेली. १६७२ मध्ये तिच्या तिजोरीत १७ लाख होते. मग 'जव्हार मुळातच गरीब आणि मागास' हे वाक्य आपण कोणत्या आधारावर उच्चारतो? शेजारच्या रामनगरची गोष्ट तर अधिक उद्बोधक आहे. दमणच्या पोर्तुगीजांच्या ताब्यातील गावे मराठ्यांच्या आधीपासून रामनगरच्या राजाला चौथ देत असत. रामनगर घेतल्यावर मराठ्यांनी तोच हक्क पुढे मागितला. म्हणजे एके काळी किनारा डोंगराला कर भरत होता. डोंगरातले लोक किनाऱ्याच्या दारात हात पसरून उभे राहावेत, ही निसर्गाची योजना नव्हती. ती पुढच्या काळात घडवली गेली, आणि घडवणाऱ्यांच्या तारखा आपल्याला माहीत आहेत.

पहिली तारीख १८६४. मुंबई-सुरत रेल्वे या वर्षी पूर्ण झाली. पालघर, बोईसर, डहाणूच्या पट्टीतून लोखंडी रूळ गेले आणि आतल्या जंगलाला मुंबई एकदम जवळची झाली. सागवान, इमारती लाकूड, जळण, कोळसा यांना न संपणारे गिऱ्हाईक मिळाले. दुसरी तारीख १८७८, भारतीय वन कायद्याची. त्याने जंगलाचे राखीव आणि संरक्षित असे भाग पाडले. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या राब भाजून नागली-वरई पिकवली, तो आपल्याच रानात परवानगी मागणारा ठरला. कुऱ्हाड त्याच्याच हातात राहिली, फक्त आता ती मजुरीवर चालू लागली.

गवताकडे मात्र आपले लक्षच जात नाही. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींना लागणारे गवत या पट्ट्यातून जाई. माळ सावकार-जमीनदारांचे, कापणारे वारली, भाव ठरवणारा व्यापारी. एखाद्या इतिहासप्रेमी मंडळात 'ठाणे जिल्ह्याचा गवताचा व्यापार' या विषयावर व्याख्यान ठेवून पाहावे, श्रोते चहा होताच उठतील. पण या भागाचे विसाव्या शतकातील सर्वांत मोठे बंड ज्या मागण्यांवर उभे राहिले, त्यांतली एक हीच होती: पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळाले पाहिजेत.

ते बंड १९४५ चे. त्याआधी, १९३९ मध्ये, डेव्हिड सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याचा मुंबई प्रांतातील आदिवासींविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. सरकारी माणसाने सरकारसाठी लिहिलेला हा कागद. त्यातही वेठबिगार, कर्जाच्या फासात गेलेल्या जमिनी आणि जमीनदारांची मारहाण आहे. लग्नासाठी घेतलेल्या थोड्या रुपयांपायी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. हा शब्द आपल्या शालेय पुस्तकांत का नाही, हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे. उत्तर म्हणून बहुधा विषय बदलला जातो.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. त्यानंतर गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली डहाणू-उंबरगाव भागातील वारल्यांनी वेठ देण्याचे नाकारले. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्यात अफवा पसरवून जमवल्या गेलेल्या हजारो वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. आज डहाणूहून जव्हारकडे निघालेली गाडी याच मुलखातून जाते. आपल्या प्रवासवर्णनांत या वाटेवरच्या वडापावालाही परिच्छेद मिळतो. जेठ्या गांगडला ओळही मिळत नाही.

इथे किनाऱ्याबद्दल एक खुलासा करणे न्याय्य ठरेल. चिंचणी, घोलवड, डहाणूची बागायत हा नुसता लुटीचा परिपाक आहे, असे म्हणणे खोटे होईल. रेताड जमिनीत विहिरी खणून वाड्या उभ्या करणाऱ्यांची मेहनत खरी आहे, आणि घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकनही खऱ्या गुणाचे आहे. पण चिकू तोडणारे, वेचणारे, खोकी भरणारे हात कुठून येतात, हे त्या मानांकनाच्या कागदावर दिसत नाही. आज किनाऱ्याचीही पाळी आली आहे. ज्या डहाणू तालुक्याला १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवले, तिथेच वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झाले. मच्छीमार आणि बागायतदार विचारत आहेत की देशाच्या विकासाची किंमत आम्हीच का मोजायची. प्रश्न रास्त आहे. फक्त डोंगरातल्या माणसाने तो आधीच विचारला होता आणि तेव्हा किनाऱ्याने मान वळवली होती, एवढे ध्यानात असावे.

आता राजवाड्याकडे येऊ. या लेखनावर नेहमी येणारा आक्षेप असा: जव्हारचे राजे आदिवासी, आधुनिक विचारांचे, त्यांना दोष का देता? मी देत नाही. पतंगशहांच्या नावाचे रुग्णालय आजही जव्हारला आहे आणि संपूर्ण तालुका त्यावर अवलंबून असतो. पण संस्थानाच्या उत्पन्नात जंगलाचा वाटा मोठा होता, हेही तितकेच खरे. राजा आपला होता. लाकडाची बाजारपेठ आपली नव्हती. शिवाय मोखाडा पाहावा. जव्हार संस्थान होते, ते १९४८ मध्ये विलीन झाले. मोखाडा मात्र आधीपासून इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात होता. सीमेच्या एका बाजूला आदिवासी राजा, दुसऱ्या बाजूला कलेक्टर. दोन निराळी राज्ये, दोन निराळे कायदे, आणि दोन्हीकडची उपासमार मात्र एकाच चेहऱ्याची. राजा चांगला की इंग्रज वाईट या वादात रमणाऱ्यांनी या एका सीमेचा अभ्यास केला, तरी वादाची अर्धी हवा निघून जाईल.

जव्हारच्याही पुढे आत गेले की वावर-वांगणी लागते. बहुतेक गाड्या तिथवर जात नाहीत. पाहण्यासारखे काही नाही असे सांगितले जाते. वऱ्हाड-खानदेशात वावर म्हणजे शेत, धान्य पिकण्याची जागा. जव्हारचे वावर महाराष्ट्राला कळले ते १९९२-९३ मध्ये, शंभराहून अधिक बालके कुपोषणाने दगावल्यावर. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर हे घडले होते. वर्तमानपत्रे आली, मंत्री आले, विधिमंडळात गदारोळ झाला. १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली, पुढे २०१५ मध्ये अमृत आहार योजना. त्यांनी काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तरी दर दोन-चार वर्षांनी मोखाड्याचे नाव पुन्हा त्याच बातमीत येते.

प्रत्येक वेळी तोच खुलासा कानी पडतो: अज्ञान, अंधश्रद्धा, लहान वयात लग्ने, भगताकडे जाणे. मला या खुलाशाचा मनस्वी राग आहे, आणि तो राग इतिहासाच्या विद्यार्थ्याचा आहे. भगत १८६४ च्या आधीही होता. लग्ने तेव्हाही लहानपणी होत. बदलले ते दुसरेच काही. नागली, वरई, उडीद, रानभाज्या, कंद, मासे यांनी भागणारे ताट जंगलाच्या हक्काला बांधलेले होते. तो हक्क गेला तसे ताट रोडावले. पावसाळ्यात कणगी रिकामी, मजुरी बंद, ओढे भरलेले आणि दवाखाना दूर. आईच्या अज्ञानाने हे महिने कॅलेंडरात आणलेले नाहीत. कार्यकारणभाव शोधणे हा आपल्या विषयाचा पहिला धडा. तो आदिवासींच्या बाबतीतच आपण विसरतो.

आणि पाणी. मोखाड्यावर पाऊस असा कोसळतो की समोरचा डोंगर दिसेनासा होतो. त्याच तालुक्यात कोचाळे येथे वैतरणा नदीवर मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ पासून त्यातून मुंबईला दररोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळते. मार्च उजाडला की याच तालुक्यातील पाड्यांवर टँकर फिरू लागतात, आणि टँकर न पोचलेल्या पाड्यांवरच्या बाया कोरड्या विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी गोळा करतात. खाणीची व्याख्या याहून वेगळी काय करायची? खाली सूर्या प्रकल्पाचीही तीच कथा: आदिवासी शेतकऱ्याच्या सिंचनासाठी आखलेल्या धरणाच्या पाण्यातून ४०३ दशलक्ष लिटरची योजना वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी उभी राहिली. शहरांना पाणी नको, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. पण मुंबईतल्या ज्या नळाचे पाणी पिऊन आपण 'आदिवासींना विकासात रस नाही' असे टंकलिखित करतो, तो नळ कोणत्या डोंगरातून आला हे तरी ठाऊक असावे.

राहिली माणसे. भात कापून झाले, दिवाळी सरली, की पाडेच्या पाडे कुलपे लावून बाहेर पडतात: भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर, वसईच्या बांधकामांवर, रेतीवर, बोटींवर. इथे याला स्थलांतर म्हणत नाहीत. 'जगायला गेले' असे म्हणतात. घर म्हणजे मरायची जागा आणि जगायचे ते दुसरीकडे, हा अर्थ भाषेत मुरायला किती पिढ्या लागल्या असतील, याचा हिशोब अजून कोणी मांडलेला नाही. वेठबिगार १९७६ च्या कायद्याने बंद झाली. वीटभट्टीवर उचल घेऊन हंगामभर बांधला जाणारा कामगार त्या कायद्याच्या नेमका किती बाहेर आहे, हा वकिलांपेक्षा इतिहासकारांनी तपासण्याचा प्रश्न आहे.

या धाग्यावर 'राजकारण आणू नका, निसर्गाचा आनंद घ्या' असे प्रतिसाद येतील. मागच्या वेळीही आले होते. त्यांना उत्तर देण्यापेक्षा एक काम सुचवतो. पुढच्या सुट्टीत या रस्त्याने जाणारच असाल, तर पावसाळ्यात जाऊ नका. दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात जा आणि जव्हारकडे चढताना समोरून उतरणारे टेम्पो मोजा. हौद्यात भांडी, घोंगड्या, कोंबड्या आणि मुले असतात. शाळेच्या हजेरीपटावर ती मुले जव्हार-मोखाड्यात असतात, प्रत्यक्षात भिवंडीच्या मातीत. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. जिल्ह्याचे मुख्यालय रेल्वेच्या कडेला, किनाऱ्याच्या बाजूला ठरले. जव्हारने त्यासाठी बरीच वर्षे मागणी केली होती. वावरच्या माणसाला कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायचा, तर आजही तो डोंगर उतरूनच जातो, ज्या वाटेने लाकूड गेले, गवत गेले.